परदेशी पाहुण्यांचा पहिला भारत: दिल्ली-आग्रा-जयपूर की कोची-तंजावर?

दिवाळी उरकली की बऱ्याच मराठी घरांत हा विषय निघतो. जर्मनीत स्थायिक झालेल्या मुलीचे सासू-सासरे पहिल्यांदाच भारतात येणार असतात, किंवा अमेरिकेतल्या भाच्याच्या ऑफिसातली चार मंडळी लग्नाला येणार असतात. लग्नाचे तीन-चार दिवस पुण्यात किंवा नाशकात जातात, आणि मग उरलेल्या दहा-बारा दिवसांत त्यांनी काय पाहावं, हे आपल्याला विचारलं जातं. आपण बहुतेक वेळा फार विचार न करता दिल्ली-आग्रा-जयपूर सांगतो. ताजमहालाशिवाय भारत कसला, ही त्यामागची भावना.

अशा पाहुण्यांची सोय मी बरीच वर्षं बघत आलेय, आणि माझं मत आता पक्कं आहे. हातात दोन आठवड्यांहून कमी वेळ असेल, तर पहिल्या खेपेला दक्षिण दाखवावी. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. पण कुठलीही बाजू निवडा, दोन्ही एका खेपेत कोंबू नका. दिल्ली ते कोची विमानालाच तीन तास लागतात, आणि विमानतळावर जाण्या-येण्याचा वेळ धरला की सुट्टीतला अख्खा दिवस जातो. शिवाय भाषा, जेवण, हवा, देवळाचे नियम, सगळंच बदलतं. एका भागाची जरा सवय होते न होते तोच ती मोडून दुसरी लावायची, हे साठीच्या पाहुण्यांना खरंच जड जातं.

माणूस कशाने थकतो

नवखा माणूस अंतराने थकत नाही. सतत नकार देत राहावं लागतं, त्याने थकतो.

दिल्ली-आग्रा-जयपूर हा रस्ता पर्यटकांचा म्हणून इतका रुळलेला आहे की त्यावर पावलोपावली कुणीतरी उभा असतो. नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंज बाजूला ‘तुमची गाडी रद्द झाली, तिकीट त्या ऑफिसातून बदलून घ्या’ असं सांगणारा माणूस भेटतो आणि पाहुण्यांना एखाद्या खासगी एजन्सीत नेऊन बसवतो. परदेशी प्रवाशांचं रेल्वेचं खरं ऑफिस स्टेशनच्या इमारतीतच, पहिल्या मजल्यावर आहे. आग्र्यात गाडीवाला ‘फक्त बघा, घेऊ नका’ म्हणत संगमरवराच्या दुकानात नेतो, कारण तिथे त्याला कमिशन असतं. जयपुरात रत्नं स्वस्तात घेऊन परदेशात विकण्याचं आमिष दाखवलं जातं. आमच्या एका पाहुणीला असाच एक गोडबोल्या दुकानदार दोन तास चहा पाजत बसला होता. तिने शेवटी काही घेतलं नाही, पण पुढचे दोन दिवस ती कुणाशी मोकळेपणाने बोलली नाही. मला खरं वाईट वाटतं ते याचं. पैसे गेले तर परत कमावता येतात, पण भेटणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघायची सवय लागली तर प्रवासातलं मुख्य सुखच जातं.

फोर्ट कोची, मुन्नार, मदुराई, तंजावर इथे दलाल नाहीतच असं नाही. पण त्यांचा रेटा कमी आहे. एकदा नको म्हटलं की बहुतेक वेळा विषय संपतो. केरळात इंग्रजी पाट्या आणि इंग्रजी बोलणारी माणसं सहज सापडतात. 2011 च्या जनगणनेत या राज्यातली साक्षरता 94 टक्के होती. त्यामुळे पाहुणा एकटा दुकानात जाऊन पाण्याची बाटली आणू शकतो, बसचं विचारू शकतो, आणि दोन दिवसांत त्याची भीड चेपते.

एकट्या फिरणाऱ्या बाईला तर मी दक्षिणच सुचवते. टक लावून बघणं आणि न विचारता फोटो काढणं दोन्हीकडे आहे, ते तिला आधीच सांगून ठेवा. रात्रीची बस, अनोळखी माणसाबरोबर फिरणं, होळीच्या दिवशी उत्तरेत गर्दीत उतरणं, हे टाळायला सांगा. आणीबाणीसाठी 112 आणि पर्यटन मंत्रालयाची चोवीस तासांची हेल्पलाइन 1363 हे दोन्ही आकडे तिच्या फोनमध्ये आपणच घालून द्यावेत.

उत्तर कुठे सरस ठरते

आता उत्तरेची बाजू. ताजमहाल हे कुणाचं लहानपणापासूनचं स्वप्न असेल, तर त्याला मुन्नारचे चहाचे मळे दाखवून समाधान होणार नाही. तिथे वाद घालू नये. उत्तरच करावी.

मोगल आणि रजपूत वास्तुकला इतक्या थोड्या अंतरात इतकी दाट दुसरीकडे नाही. दिल्ली ते आग्रा गतिमान एक्स्प्रेसने सुमारे 100 मिनिटं लागतात. आग्र्याहून जयपूरला मोटारीने जाताना वाटेत फत्तेपूर सिक्री आणि आभानेरीची चांद बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, लागते, आणि ही बावडी पाहून अवाक न झालेला पाहुणा मला अजून भेटायचा आहे. जयपूर 1727 मध्ये सवाई जयसिंहांनी आखून वसवलं. त्यांच्या जंतरमंतर या वेधशाळेत प्रचंड दगडी यंत्रांवर सावली सरकताना दिसते. विज्ञानाची आवड असलेल्या माणसासाठी एक सकाळ तिथे राखून ठेवा.

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, आणि गतिमानही शुक्रवारी धावत नाही. परदेशी नागरिकाला ताजचं तिकीट सध्या 1100 रुपये आहे, मुख्य कबरीपर्यंत जायचं तर आणखी 200. भारतीयांना तेच 50 आणि 200. हा फरक पाहुण्यांना तिकीटखिडकीवर कळण्याऐवजी आपण आधीच सांगावा, आणि तिकीट लागणाऱ्या इतर संरक्षित स्मारकांनाही असाच फरक असतो हेही सांगावं. मोठ्या बॅगा आणि खाण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत.

उत्तरेची खरी अडचण हवा आहे. दिवाळीनंतरच्या नोव्हेंबरात दिल्लीत धुराचा थर असतो, आणि दम्याच्या माणसाने तेव्हा तिथे जाऊच नये. डिसेंबरअखेर ते जानेवारीत धुकं इतकं दाटतं की गाड्या आणि विमानं तासन्‌तास रखडतात, आणि सकाळी ताजच्या दारात उभं राहूनही ताज दिसत नाही. नेमकी नाताळची सुट्टी याच काळात येते. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा काळ चांगला. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा नावही काढू नका.

दक्षिणेत डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हवा उत्तम असते. मात्र तमिळनाडूचा मुख्य पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये पडत नाही, तो ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, हे आपल्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात नीलगिरी ताहर या रानशेळीच्या विणीमुळे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रवेश बंद असतो.

देवळाच्या दारात

दक्षिणेची निवड करताना एक गोष्ट पाहुण्यांना घरी बसूनच सांगायला हवी. तिथल्या कित्येक देवळांत बिगरहिंदूंना प्रवेश नाही. तिरुवनंतपुरमचं पद्मनाभस्वामी मंदिर आणि गुरुवायूर इथे तर दारातूनच परतावं लागतं. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात प्राकार आणि मंडप पाहता येतात, गाभाऱ्याकडे जाता येत नाही, आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. हे दारात कळलं तर माणसाला अपमान वाटतो. आधी कळलं तर तो नियम म्हणून स्वीकारतो आणि गोपुराखाली उभा राहून शांतपणे बघतो. उत्तरेत दिल्लीचं अक्षरधाम मंदिर किंवा गुरुद्वारा बांगला साहिब सर्वांना खुलं आहे. बांगला साहिबला डोकं झाकून आत जायचं, लंगरात जमिनीवर बसून जेवायचं, हा अनुभव मी उत्तरेतल्या कुठल्याही राजवाड्याच्या वर ठेवते.

कोचीत मात्र दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात इतके धर्म शेजारी नांदताना दिसतात की पाहुण्यांना भारत समजावून सांगायला वेगळं व्याख्यान लागत नाही. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 मध्ये पुरलं होतं, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टनचेरीत 1568 चं ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, ते शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतं. जवळच गोव्याहून गेलेल्या कोंकणी बोलणाऱ्या गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्वम हे देऊळ आहे. संध्याकाळी कथकली पाहायची असेल तर प्रयोगाच्या तासभर आधी जावं, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर होते आणि पाहुण्यांना तीच जास्त आवडते.

तंजावरचा आग्रह मी धरते, तो आपल्यासाठीसुद्धा. राजराज चोळांचं बृहदीश्वर मंदिर 1010 च्या सुमाराचं, आणि त्याच्या भिंतीवर तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा भला मोठा मराठी शिलालेख आहे. तमिळ देशात, हजार वर्षांपूर्वीच्या देवळावर, आपल्या जावयाच्या आईवडिलांना आपली लिपी वाचून दाखवता येते. भारत एका साच्याचा नाही, हे मग बोलून सांगावं लागत नाही. जवळच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयालाही तासभर द्या.

हाउसबोटीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. केरळातल्या अलप्पुळ्याच्या मोठ्या हाउसबोटी मासेमारांच्या जाळ्यांमुळे संध्याकाळी किनाऱ्याला लागतात आणि रात्रभर तिथेच उभ्या असतात. त्यापेक्षा सकाळी छोट्या शिकाऱ्यातून अरुंद कालव्यांत फिरावं, म्हणजे धुणं धुणाऱ्या बाया, शाळेला होडीतून निघालेली पोरं, भातखाचरं जवळून दिसतात.

ताटात काय येतं

उत्तरेतल्या हॉटेलांतल्या भाज्यांत साय, लोणी आणि काजूची पेस्ट असते. सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्याला हे जिवावर बेतू शकतं, म्हणून ‘काजू-बदाम-शेंगदाणे चालत नाहीत’ हे हिंदीत कागदावर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. दूध-तूप वर्ज्य असलेल्या माणसाला केरळ सोपं, कारण तिथे नारळाच्या दुधावर भागतं. गहू चालत नसेल तर आप्पम, इडली, डोसा, पुट्टू आहेतच. पण सांबारातल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, ते विचारून घ्यायला सांगा. आणि ‘भारतात गोमांस कुणी खात नाही’ असं ऐकून आलेला पाहुणा केरळात बीफ फ्राय बघून गोंधळतो, तेव्हा तेही आधीच सांगावं. पाणी दोन्हीकडे सीलबंद बाटलीचं, बर्फ नको, फळ सोलून.

निघण्याआधीची कामं

ई-व्हिसाचा अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरून करायला सांगा, ज्याच्या पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन असा असतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे उकळतात. ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसला संदेश पाठवणारा ट्रेकिंगचा जीपीएस बाळगला म्हणून परदेशी लोकांना विमानतळावर अडवलं गेलं आहे, तेव्हा ती वस्तू घरीच ठेवू द्या. रेल्वेत परदेशी पर्यटकांसाठी वेगळा कोटा आहे, त्यात 365 दिवस आधी आरक्षण मिळतं.

आणि एक काम आपलं. परदेशी नागरिक आपल्या घरी मुक्कामाला उतरला, तर 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची जबाबदारी यजमानाची असते. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. हॉटेलवाले तो भरतात, घरचे बहुतेक विसरतात.

मग नेमकं कुणी काय करावं

पाहुणे पहिल्यांदाच येताहेत, वय साठीच्या पुढे आहे, किंवा बरोबर लहान मूल आहे: कोचीत तीन रात्री, मुन्नारला दोन, मदुराईत एक, तंजावरला दोन, आणि तिरुचिरापल्लीहून विमान. कोची ते मुन्नार जेमतेम 130 किलोमीटर असलं तरी घाटामुळे चार-पाच तास जातात, तो दिवस प्रवासाचाच धरा.

तरुण जोडपं आहे, इतिहासाची ओढ आहे, फेब्रुवारी आहे: दिल्ली, आग्रा, जयपूर खुशाल करा. दिल्लीचे दोन दिवस शेवटी ठेवा. आल्या आल्या त्या गर्दीत सोडू नका.

आणि फक्त चार-पाच दिवस उरत असतील तर विमानात बसूच नका. वेरूळ आणि अजिंठा आपल्या दाराशी आहेत. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. छत्रपती संभाजीनगरात बुधवारी पोहोचलात तर दोन्ही निवांत होतं, आणि एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेलं कैलास लेणं दाखवताना जोडीला आपल्यापैकी कुणीतरी असतं. यांतलं काय हवं, हे पाहुण्यांनी विमानाची तिकिटं काढण्याआधीच त्यांना विचारा. दक्षिण ठरली आणि मुंबईत उतरून दक्षिणेतल्या शेवटच्या मुक्कामाहूनच परत जाणारं तिकीट काढलं, तर दक्षिणेहून मुंबईला परत येण्याचा एक दिवस वाचतो.