भाड्याच्या सर्व्हरवर वर्कशॉपची मेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या वर्कशॉपचे सगळे मेलबॉक्स मी दर माणशी, दर महिना पैसे घेणाऱ्या पुरवठादाराकडून काढून महापे येथील डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर आणले. स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स अशा प्रत्येक टेबलाला वेगळा मेलबॉक्स लागतो, पण त्यांतल्या निम्म्यांवर दिवसाला दोन मेल आले तरी पुष्कळ. अशांचेही पूर्ण पैसे भरत राहणे मला पटत नव्हते.

मेलची ने-आण करणारे पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारे डव्हकॉट या सॉफ्टवेअरनी एकदाही त्रास दिलेला नाही. येणाऱ्या मेलबद्दल तर मी निर्धास्त आहे, कारण सर्व्हर रात्रभर बंद राहिला तरी पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

सगळा त्रास पाठवण्यात आहे, आणि त्यातही पीटीआर नोंदीत, म्हणजे आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकावरून) त्याचे नाव सांगणाऱ्या नोंदीत. मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी आपण आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नावापत्त्यांच्या यादीत, घालू शकतो. पीटीआर मात्र आयपी पत्ता ज्याच्या मालकीचा, त्याच्याच हातात असते. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून ती लहानमोठ्या सर्वच पाठवणाऱ्यांना सक्तीची केली आहे. असे असताना आमच्या सर्व्हरवाल्याचा दर वेळी नवा माणूस ‘डीएनएस तुमच्याच पॅनेलमध्ये आहे’ एवढे लिहून तिकीट बंद करत असे. बऱ्याच तगाद्यानंतर नोंद झाली, तरीही काही मेल ५५० च्या, म्हणजे नकाराच्या, शेऱ्यासह परत येतच राहिले. सर्व्हरची नोंदवही म्हणजे लॉग ओळीओळीने वाचल्यावर दिसले, की परत आलेला प्रत्येक मेल नव्या प्रकारच्या आयपीव्ही६ पत्त्यावरून गेला होता आणि पीटीआर नोंद केवळ जुन्या प्रकारच्या आयपीव्ही४ ची झाली होती! पोस्टफिक्स आयपीव्ही४ पुरते मर्यादित करताच मेल परत येणे थांबले.

तेव्हा हे पुनरावलोकन लिहिले असते तर मी प्रत्येक लहान उद्योजकाला हाच मार्ग सुचवला असता. पुढे रबाळ्याच्या एका जुन्या ग्राहकाचा फोन आला, ‘साहेब, कोटेशन पाठवताय ना?’ लॉगमध्ये ‘स्टेटस=सेंट’ आणि २५०, म्हणजे समोरच्या सर्व्हरचा होकार, स्वच्छ दिसत होते. समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारून स्पॅममध्ये टाकला होता, आणि २५० या उत्तरातून ते कधीच कळत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर शेजारच्या आयपी पत्त्यांनी केलेल्या उपद्रवाचा डाग आपल्यालाही लागू शकतो, आणि थोडेच मेल पाठवणाऱ्या नव्या पत्त्याची पत लवकर तयार होत नाही. नियम काटेकोर पाळूनही दाद मागायला समोर माणूस नसावा, याचा मला आजही संताप येतो.

आता येणारे मेल आमच्याच सर्व्हरवर येतात आणि जाणारे मेल रिले सेवेतून, म्हणजे आपले मेल पुढे पोहोचवून संख्येनुसार पैसे घेणाऱ्या सेवेतून, जातात. पोस्टफिक्समध्ये तिचा पत्ता आणि पासवर्ड द्यावा लागला व एसपीएफमध्ये तिचे नाव जोडावे लागले. दोन्ही बिले मिळूनही जुन्या बिलापेक्षा कमी भरतात आणि कोटेशन पोहोचते. सर्व्हरचा करार संपला की मी दुसरा सर्व्हरवाला पाहणार आहे, आणि पैसे भरण्याआधी दोन्ही प्रकारच्या पत्त्यांची पीटीआर नोंद पॅनेलमधून स्वतः करता येते का, हे त्याच्याकडून लेखी घेणार आहे.