नाशिकहून दिल्ली: ओझरचे विमान की मुंबईचे?

नाशिकचा विमानतळ असलेल्या ओझरपासून दिल्लीपर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ९९० किलोमीटर आहे, तर मुंबई ते दिल्ली सुमारे ११४० किलोमीटर. दीडशे किलोमीटरचा हा फरक पूर्ण वेगाने उडणारे विमान दहा-अकरा मिनिटांत कापते. वेळापत्रकात ओझरचे विमान पावणेदोन ते दोन तासांचे आणि मुंबईचे सव्वादोन तासांच्या आसपासचे दिसते. त्यामुळे तिकिटावरील उड्डाणकाळाची तुलना करून निर्णय घेण्यात फारसा अर्थ नाही. खरा फरक जमिनीवर पडतो.

गंगापूर रोडवरून पहाटे निघालो, तर द्वारका आणि आडगाव मागे टाकून, दहाव्या मैलाजवळून जानोरीच्या बाजूला वळत पाऊण तासात ओझर विमानतळ गाठता येतो. तिथे सव्वा तास आधी पोहोचले तरी घरापासून दिल्लीच्या धावपट्टीपर्यंतचा सगळा प्रवास चार तासांत आटोपतो. मुंबईसाठी मात्र रस्त्याचे चार तास, वाटेतील खोळंब्यासाठी राखलेला एक तास, विमानतळावरचे दोन तास आणि उड्डाण मिळून नऊ तासांहून अधिक वेळ हाताशी धरावा लागतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, ही मोठी सोय झाली आहे. परंतु आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक आहे तशीच आहे.

हा टप्पा होण्यापूर्वी मी आईला घेऊन रात्री दोन वाजता मुंबईकडे निघालो होतो. घाटात एक ट्रक आडवा बंद पडला आणि दीड तास गाडी जागची हलली नाही. गुडघेदुखीमुळे आईला पाय लांब करता येईनात, म्हणून ती दार उघडून पाय बाहेर सोडून बसली होती. विमान मिळाले, पण दिल्लीत उतरल्यावर तिला दोन दिवस नीट चालता आले नाही. म्हणूनच, सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल, तर ओझरचे तिकीट हजार-दोन हजारांनी महाग असले तरी तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईपर्यंतच्या गाडीचे भाडे आणि टोल मिळवल्यावर तो फरक बहुधा उरतही नाही.

ओझरची खरी उणीव म्हणजे विमानांची मोजकी संख्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुके दाटते, तेव्हा दोन्हीकडच्या उड्डाणांना फटका बसतो. पण मुंबईत विमान रद्द झाले तर त्याच दिवशी दुसरे मिळण्याची शक्यता असते, आणि ओझरला मात्र अनेकदा दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. दिल्लीहून पुढे परदेशी जायचे असेल, दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा न्यायालयाची तारीख असेल, तर ओझरहून एक दिवस आधी निघावे. तेवढी सवड नसेल, तर मुंबईच बरी. परतीची तारीख नक्की नसणाऱ्यांनीही जाताना ओझर आणि येताना मुंबई अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढण्याचा विचार करावा.