दूध-तूप बंद केलेल्या घरात वेट ग्राइंडर: घ्यावा का?

आधी निकाल सांगतो. घ्या, पण दुधासाठी घेऊ नका. दोन लिटरचा टेबलटॉप वेट ग्राइंडर (भिजवलेले डाळ-तांदूळ दगडाखाली वाटणारं यंत्र) आमच्या डोंबिवलीच्या ओट्यावर वर्षाहून जास्त काळ ठाण मांडून आहे. काजूचं, बदामाचं, सोयाचं दूध काढायला घ्या असं लोक छातीठोक सांगतात, आणि नेमकं त्याच कामात तो साध्या मिक्सरपुढे मार खातो.

मी आणि बायको दूध, दही, तूप, पनीर यातलं काही खात नाही. आई खाते. तिच्या चहाचं पातेलं वेगळं, विरजणाचं भांडं वेगळं, वाद नाही. मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, त्यामुळे कुठलंही यंत्र घरात आलं की आधी त्याला उलटं करून मोटारीची प्लेट वाचतो.

या प्लेटवर १५० वॉट लिहिलंय. शेजारच्या मिक्सरवर ७५०. "एवढ्याशा मोटारीनं काय वाटलं जाणार?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मिक्सरचं पातं मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेऊन जिन्नस कापतं. ग्राइंडरचं भांडं शे-दीडशे फेऱ्यांनी सावकाश फिरतं आणि दगडाखाली जिन्नस रगडला जातो. वेळ अर्धा तास लागतो, पण पीठ तापत नाही. वीज म्हणाल तर १५० वॉटचा ग्राइंडर अर्धा तास चालवला काय आणि ७५० वॉटचा मिक्सर पूर्ण ताकदीनं पाच-सहा मिनिटं चालवला काय, मीटरला फारसा फरक कळत नाही.

तापत नाही याचा फायदा उडदाला सगळ्यात जास्त. मिक्सरमध्ये बर्फाचं पाणी घालून जे जेमतेम साधतं, ते इथे नळाच्या पाण्यात होतं. पीठ हलकं फुगून येतं, कारण रगडताना त्यात हवा भरत राहते. चमचाभर पीठ पाण्याच्या वाटीत टाकलं तर तरंगतं. दूध-अंडी नसलेल्या स्वयंपाकात हलकेपणा कुठून आणायचा, हा मोठा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर उडदात आहे. वडे, इडली, आंबोळी तर झालंच, मुगाच्या धिरड्यातही दोन डाव उडदाचं पीठ घातलं की ते उलटताना तुटत नाही.

दुसरं काम वाटणाचं, आणि माझ्या मते पैसे खरे इथे वसूल होतात. भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, धणे, मिरी, लवंग असं मालवणी पद्धतीचं वाटण मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी खोबऱ्याची कणी जिभेला लागते. दगडाखाली ते गंधासारखं होतं. मग काळ्या वाटाण्याचं सांबारं कसं अंगासरशी होतं ते करून बघा. हॉटेलवाले ज्या जागी मलई किंवा काजूची पेस्ट ओततात, त्या जागी नुसतं नीट वाटलेलं खोबरं पुरतं. आईनं पहिल्यांदा चाखलं तेव्हा म्हणाली, "पाट्यावरचं वाटतंय रे." एवढंच. तिच्याकडून ही मोठी पावती आहे.

अडचण अशी की वाटीभर वाटण यात होत नाही. भांड्याच्या तळाला थोडंसं टाकलं की ते कडेला चिकटून बसतं आणि दगड नुसते घरंगळतात. आम्ही आठवड्याचं एकदम वाटतो, लहान डब्या भरून फ्रीजरला टाकतो.

आता दुधाचं. नारळाचं दूध काढायला मिक्सरच बरा: खवलेला नारळ, कोमट पाणी, दोनदा फिरवणं, फडक्यातून पिळणं. ग्राइंडरमध्ये नारळ इतका बारीक होतो की चोथा फडक्यातून दुधात उतरतो आणि सोलकढी पिठूळ लागते. शेंगदाण्याचंही तेच. रात्रभर भिजवून, सालं काढून मिक्सरला वाटायचे, गाळायचं, उकळायचं (उतू जातं, गायीच्या दुधासारखंच, तिथून हलू नका), कोमट झालं की विरजायचं. पहिल्या खेपेला विरजण कुठून आणणार? हिरव्या मिरचीची देठं टाकतात, चार-पाच, धुऊन. पुढच्या खेपेला आधीच्या दह्याचा चमचा. या दह्याची कढी चांगली होते, ताक मात्र मला अजून पटलेलं नाही.

सोयाबीनच्या दुधाला जो उग्र वास येतो, तो दाणा गार पाण्यात वाटला जाताना त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करतं म्हणून येतो. उकळत्या पाण्यात वाटलं की ते विकर तिथेच बाद होतं. म्हणजे इथे गार वाटणारा ग्राइंडर उलट नुकसानीचा. मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या आत भरा, झाकणावर जाड फडकं धरा, नाहीतर वाफ झाकण उडवते. नंतर ते दूध किमान पंधरा मिनिटं उकळायचंच, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. लिंबू पिळून फाडलं, चक्क्यासारखं बांधलं आणि वर वरवंटा ठेवला की टोफू तयार. टोफू प्रेस नावाची प्लास्टिकची पेटी विकतात, तिचे पैसे वाचवा.

दूध काढायची आपोआप चालणारी यंत्रंही मिळतात, वाटून गरम करून देणारी. मेव्हणीचं यंत्र आमच्याकडे महिनाभर होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका वेळी जेमतेम दोन-तीन पेले दूध, आणि लगेच धुतलं नाही तर तळाला असा थर धरतो की काथ्यानं घासावा लागतो. ते परत करताना मला अजिबात वाईट वाटलं नाही.

ग्राइंडर आम्ही माटुंग्याच्या बाजारातून आणला. तिथे इडलीची भांडी, कॉफीचे फिल्टर, ग्राइंडर असं सगळं ओळीनं मिळतं, आणि दुकानदार स्वतः रोज डोसे खाणारे असल्यानं प्रश्नांची उत्तरं नीट मिळतात. बहुतेक ग्राइंडर कोईमतूरचे. तिथल्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही (जीआय) मिळालेलं आहे. घेताना दगडावर बोट फिरवा, भेग किंवा पोपडा नको. भांडं काढून लावून बघा, कुलूप घट्ट बसतंय का. मोटारीच्या पट्ट्याचा (बेल्टचा) नंबर तिथेच लिहून घ्या. आमचा पट्टा तुटला तेव्हा कंपनीची सर्व्हिसवाली मंडळी "दोन दिवसांत येतो" म्हणत राहिली. शेवटी मी नंबर दाखवून स्टेशनजवळच्या मिक्सर दुरुस्तीवाल्याकडून पट्टा आणला आणि स्वतः बसवला. चार स्क्रूचं काम होतं.

घरी आणल्यावर पहिली खेप जुन्या तांदळाची काढा आणि फेकून द्या. पाण्यात राखाडी छटा दिसते तोवर दगडाची पूड निघत असते. आणि कोरडे तीळ किंवा दाणे तासन्‌तास रगडून बटर करायच्या भरीला पडण्याआधी माहितीपुस्तिका वाचा. चॉकलेट बनवणारे असेच दगडी ग्राइंडर दिवसभर चालवतात खरे, पण त्यांची यंत्रं त्यासाठी वेगळी बांधलेली असतात.

सोबत कणीक मळायचा आणि नारळ खवायचा असे जोडभाग आले होते. दोन्ही माळ्यावर आहेत. हातानं वापरायची साधी खवणी जास्त वेगानं चालते.

बाकी नव्यानं घ्यावं असं फार काही निघालं नाही. कुकर, बिडाचा तवा, पुरणयंत्र, मोड आणायला जुना पंचा हे आधीच होतं. पिठलं, उसळ, भरली वांगी, थालीपीठ यांना कुठे दूध लागतं? फक्त तुपाच्या जागी घाण्यावरचं शेंगदाणा तेल आलं. बाहेरून पाकीटबंद काही आणायचंच तर २०२२ च्या एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) विगन, म्हणजे प्राणिजन्य काही नसलेल्या पदार्थांच्या, नियमांतलं हिरवं व्ही असलेलं चिन्ह बघतो. बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, ते कुठल्याच ग्राइंडरमधून निघत नाही.

पाच हजारांच्या आत मिळाला. दोनच माणसं असाल आणि फ्रीजर लहान असेल तर सव्वा लिटरचा बघा. ओटा अरुंद असेल तर नका घेऊ, कारण हे धूड रोज उचलून ठेवणं कंबरेला परवडणारं नाही, आणि एकदा कपाटात गेलं की बाहेर येत नाही. आवाज मिक्सरपेक्षा कमी, पण अर्धा तास चालतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी सातच्या आधी लावू नका म्हणून सांगितलंय, म्हणून आम्ही रात्री जेवणं झाल्यावर लावतो.