लाल म्हणायचं तर ‘जॅरग’ की ‘रूआ’?

आयरिश भाषेत लाल रंगाला दोन शब्द आहेत आणि एकाच्या जागी दुसरा सहसा चालत नाही. ‘जॅरग’ म्हणजे रक्ताचा, भडक लाल, वाइनही जॅरगच. ‘रूआ’ तांबूस: माणसाच्या केसांचा, जनावराच्या अंगाचा. कोल्ह्याला तर ‘मद्रा रूआ’, म्हणजे तांबडा कुत्रा म्हणतात. तांबड्या समुद्रालाही रूआच लावतात. का, ते समुद्रालाच विचारा.

कुळाने रूआ आपल्या जवळचा. त्याचं जुनं रूप ‘रूअद’ आणि संस्कृत ‘रुधिर’ एकाच मुळातून आलेले. रोरी या आयरिश पुरुषी नावातही तोच दडलाय: तांबडा राजा.

व्याकरणात मात्र जॅरग जास्त छळतो. आयरिशमध्ये विशेषण नामानंतर येतं. नाम स्त्रीलिंगी असेल तर जॅरगचं पहिलं व्यंजन मऊ होऊन ‘यॅरग’ होतं. हात तिथे स्त्रीलिंगी, म्हणून अल्स्टरचं (आयर्लंडच्या उत्तरेकडचा प्रांत) चिन्ह असलेला लाल हात ‘लाव्ह यॅरग’. ‘र’ असा बदलत नाही, त्यामुळे रूआ निवांत. पण नामाआधी जोडून जोर देण्याचं काम जॅरगच करतो: ‘जॅरगव्रेग’ म्हणजे धडधडीत खोटं. रूआला ते जमत नाही.