‘बेबी’ हे नाव फक्त माझ्या कॉम्प्युटरात होतं

डिसेंबरात दांडिया बाजारातल्या काकूंचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. "अगं, पॉलिसीचा बोनस सोडवायला पैसे भरावे लागतात का गं? मी भरले. परवाच भरले."

मी बडोद्यात २२ वर्षं विम्याची एजंट आहे. काकू ७१ वर्षांच्या, काका गेल्यापासून एकट्या राहतात, आणि त्या घरातल्या चारही पॉलिसी मीच काढलेल्या. तशीच स्कूटर काढून त्यांच्याकडे गेले. फोनवरच्या माणसाने "विमा नियामक कार्यालयातून बोलतोय" असं सांगितलं होतं. पॉलिसीचा क्रमांक, हप्त्याची रक्कम, काकांची जन्मतारीख, सगळं बरोबर. ८६,००० रुपये बोनस पडून आहे, तो सुटायला आधी जीएसटी आणि फाइलचा खर्च भरा, म्हणाला. काकूंनी दोनदा मिळून ३८,५०० रुपये पाठवले. विमा नियामक कुणालाही असा फोन करत नाही, बोनस वाटत नाही, हे मी हजार वेळा सांगितलं असतं. पण त्यांनी मला विचारलंच नाही, कारण त्यांना शंकाच आली नाही.

"शंका कशी येणार?" काकू म्हणाल्या. "तो स्वतःहून म्हणाला, नॉमिनी बेबीताईच आहेत ना?"

ते ऐकून माझे हातपाय गार पडले.

बेबी म्हणजे काकूंची मुलगी. हे तिचं घरातलं नाव. पॉलिसीवर, आधारवर, बँकेत तिचं खरं नाव आहे, आणि ते बेबीच्या जवळपासही जात नाही. लहानपणापासून मी तिला बेबीच म्हणते, म्हणून माझ्या एक्सेलच्या यादीत नॉमिनीच्या रकान्यात मी ‘बेबी’ लिहिलं होतं. कंपनीच्या नोंदीत हे नाव कुठेही नाही. ते होतं फक्त माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये.

आणि तो कॉम्प्युटर मी दिवाळीआधी विकला होता.

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १०चे मोफत अपडेट बंद होणार होते, माझ्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नव्हतं, म्हणून नवा घेतला. दुकानाचं नाव देत नाही. जुन्याचे त्यांनी २,२०० रुपये वळते केले. त्यात लोकांच्या आधार-पॅनच्या स्कॅन कॉपी, रद्द केलेले चेक, मृत्यूचे दाखले होते, म्हणून मी आठवणीने विचारलं, माहिती पुसून मिळेल का? मिळेल, म्हणाले, ६०० रुपये, आणि ‘डेटा वाइप सर्टिफिकेट’ही मिळेल. "बेन, चिंता ना करो, बधुं साफ थई जशे." मी पैसे दिले, शिक्का मारलेला कागद घेतला आणि निवांत झाले.

तो कागद आता पुन्हा वाचला की राग येतो. त्यावर माझं नाव, तारीख आणि ‘सर्व डेटा कायमचा नष्ट’ एवढंच आहे. कुठली डिस्क, तिचा सिरियल नंबर काय, कुठल्या पद्धतीने पुसली, पुसल्यावर तपासलं कुणी, यातलं एक अक्षर नाही. खऱ्या प्रमाणपत्रात हे सगळं असतं. सिरियल नंबर नसेल तर तो कागद कुठल्याही मशीनला लावता येतो.

भाच्याला बोलावलं. तो कॉम्प्युटरचंच शिकतो. मला वाटलं होतं फॉर्मेट म्हणजे सगळं गेलं. त्याने माझ्यासमोर एका पेन ड्राइव्हवर फोटो भरले, फॉर्मेट केला, रिकामा दाखवला, आणि फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं साधन चालवलं. चहा संपायच्या आत फोटो परत आले. फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉर्मेट, म्हणजे क्विक फॉर्मेट केलं, की हार्ड डिस्कवरची माहिती हलत नाही. ती कुठे ठेवलीय याची नोंद तेवढी काढली जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं तशीच राहतात, तसं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेलो. मालक टाळत होता, पण काम केलेल्या मुलाने खरं सांगितलं. सी ड्राइव्हवर नवं विंडोज टाकलं, डी ला क्विक फॉर्मेट मारलं. "फॉर्मेट तो कर्युं ने, बेन!" त्याला बिचाऱ्याला याहून जास्त कुणी शिकवलंच नव्हतं. पण मालकाला ठाऊक होतं, आणि त्यानेच ६०० रुपये घेऊन सही केली होती. मशीन लॉटमध्ये एका व्यापाऱ्याला गेलं होतं, तिथे डिस्का सुट्या करून विकतात. पुढे कुठे गेली ते कुणालाच सांगता आलं नाही. मालक पैसे परत देऊ लागला. मी घेतले नाहीत. पावती आणि तो कागद तक्रारीला जोडले.

काकूंच्या बाबतीत १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन दोन दिवस झाले होते, तरी ११,००० रुपये पुढच्या खात्यात अडवले गेले. बाकीचे निघून गेले. तासाभरात फोन केला असता तर कदाचित जास्त वाचले असते, म्हणून हा नंबर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये आजच घालून द्या. फोन करणाऱ्याकडे माझीच डिस्क होती हे मी पोलिसांना सिद्ध करून देऊ शकत नाही. पण ‘बेबी’ दुसरीकडून येणं शक्य नाही.

आता जे शिकले ते सांगते. सगळ्यात सोपं म्हणजे डिस्क द्यायचीच नाही. मशीन विका, डिस्क काढून घरी ठेवा. बहुतेक डेस्कटॉपमध्ये चार स्क्रू आणि दोन वायरी एवढंच असतं. भावात थोडं कमी मिळेल, मिळू दे. डिस्क द्यायचीच असेल आणि ती जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तिच्यावर एकदा पूर्ण शून्यं लिहून घ्या. विंडोजमध्ये ‘क्विक फॉर्मेट’ची खूण काढून फॉर्मेट केलं की हेच होतं. १ टीबीला काही तास लागतात. म्हणून कुणी दहा मिनिटांत ‘पुसलं’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आजच्या डिस्कला एक फेरी पुरते, ३५ फेऱ्यांचा खर्च कुणी सांगितला तर देऊ नका. विंडोजमधून ‘रीसेट’ करणार असाल तर ‘क्लीन डेटा’ चालू करा, आणि फक्त विंडोजची ड्राइव्ह की सगळ्या ड्राइव्ह असं ते विचारतं तिथे ‘सगळ्या’ निवडा. माझी डी नेमकी अशाच जागी राहून गेली असती.

एसएसडीचं, म्हणजे चकत्यांऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणाऱ्या नव्या पद्धतीच्या डिस्कचं, वेगळं आहे. ती झीज सगळीकडे समान व्हावी म्हणून स्वतःच माहिती इकडून तिकडे हलवते, त्यामुळे वरून लिहिलं तरी एखादा कोपरा सुटू शकतो. तिला बनवणाऱ्या कंपनीच्या साधनातून ‘सिक्युअर इरेज’, म्हणजे सगळं पुसण्याचा आदेश, द्यावा लागतो. नव्या कॉम्प्युटरला मी पहिल्याच दिवशी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, लावून घेतलं. किल्ली नसेल तर आतलं सगळं निरर्थक अक्षरं. बंद पडलेली हार्ड डिस्क असेल तर आतल्या चकत्यांना ड्रिलने भोकं पाडा, एसएसडी असेल तर चिप फोडा.

माझ्या यादीत १४० घरं आहेत. कारेलीबागेपासून राजमहाल रोडपर्यंत मी एकेकाला फोन करते आहे, जमेल तिथे स्वतः जाते. तुमची कागदपत्रं माझ्या हातून बाहेर गेली, असं तोंडाने सांगते. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून देते, संचार साथी या सरकारी पोर्टलवर त्यांच्या नावाने किती सिम आहेत ते बघून देते. दोघांनी पॉलिसी दुसऱ्या एजंटकडे नेल्या, त्यांना मी काही बोलले नाही. काकू मात्र मलाच धीर देतात, आणि मुलाला अजून सांगू नकोस म्हणतात. कालपर्यंत ११७ घरं झाली.