१५०-६०० एमएम झूम: वर्षभर वापरल्यानंतर, आणि इग्वानाच्या शेपटीबद्दल थोडं जास्तच

झूम करताना पुढेमागे सरकणारी लेन्सची नळी, म्हणजे बॅरल, आपोआप घसरते अशी तक्रार करून मी ही लेन्स दुरुस्तीला पाठवली होती. सर्व्हिस सेंटरने ती जशी गेली तशी परत पाठवली. सोबतच्या कागदावर ‘तपासली, दोष आढळला नाही’ एवढंच लिहिलंय. नाशिकहून मुंबईला पाठवायचा आणि परत आणायचा, दोन्ही वेळचा कुरियर खर्च माझा, वर विमा. फोन केला तर म्हणे, पुढच्या काचेला वजन असतं, बॅरल घसरणारच, हे वॉरंटीत बसत नाही. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल हे ऐकून घ्यायची माझी तयारी नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवातीचे महिने मी या लेन्सचं कौतुकच करत होते. नांदूर मधमेश्वरला मनोऱ्यावरून चक्रवाक, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, सगळं छान आलं. कोवळ्या उन्हात ६०० ला, म्हणजे पूर्ण झूमवरसुद्धा, पिसं सुटी सुटी दिसतात. तिथे लेन्स बहुतेक आडवीच धरायची असते, त्यामुळे बॅरल घसरतं हे लक्षात यायचं कारणच नव्हतं.

मग हिवाळ्यात मुलाकडे दक्षिण फ्लोरिडात गेले. त्यांच्या वस्तीमागे कालवा, आणि कालव्याच्या काठावर ऊन खात पडलेले हिरवे इग्वाना, म्हणजे मोठाले सरडे. हा प्राणी मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. फ्लोरिडात १९६० च्या दशकापासून दिसतोय, बराचसा लोकांनी पाळून सोडून दिल्यामुळे. मोठा नर शेपटीसकट दीड मीटरच्या पुढे जातो. काठात बिळं करून राहतात, त्याने बांध आणि पदपथ खचतात, म्हणून स्थानिक लोक वैतागलेले असतात. मला मात्र पहिल्याच दिवशी वेड लागलं. विणीच्या दिवसांत नर केशरी होतात, गळ्याखालची झालर पसरून मान वरखाली करतात, तेव्हा कॅमेरा खाली ठेववत नाही.

आणि इथेच या लेन्सने घात केला. इग्वाना खाली काठावर, आपण पुलाच्या कठड्याशी. ४०० वर अख्खा प्राणी नीट बसवला, ट्रायपॉडचं डोकं घट्ट केलं, हात काढला, की बॅरल आपल्या वजनाने हळूहळू पुढे सरकत ६०० कडे जातं. शेपूट चौकटीबाहेर. झूम हलला की फोकसही जातो, तो पुन्हा घ्यायचा. लॉक आहे, पण तो फक्त १५० वर लागतो. वाहून नेताना लेन्स मिटलेली राहावी एवढ्यासाठीच तो दिलाय, काम करताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

शेपूट कापली गेली तर काय बिघडलं, असं सर्व्हिस सेंटरच्या माणसाने विचारलं. बिघडतं. तिथे दुसराही एक परका इग्वाना आहे, काटेरी शेपटीचा, आणि त्याची पिल्लंही हिरवीच असतात. हिरव्या इग्वानाच्या शेपटीवर गडद पट्टे असतात पण काट्यांची कडी नसतात, दुसऱ्याच्या शेपटीवर काट्यांची कडीच कडी. जबड्याखालचा मोठा गोल खवला ही हिरव्याची आणखी एक खूण, पण प्राणी पाठमोरा असला तर तो दिसत नाही, शेपूट दिसते. शिवाय फ्लोरिडात परक्या प्राण्यांचा फोटो आणि जागा ‘आयव्ह गॉट वन’ नावाच्या अॅपवर कळवता येते. तेगू (हाही एक मोठा परका सरडा) किंवा नाईल घोरपड दिसली तर अशी नोंद फार मोलाची, कारण अर्जेंटिनाचा तेगू मगरींची आणि कासवांची अंडी खातो. शेपूट नसलेला फोटो म्हणजे अर्धीच साक्ष.

लेन्स वर धरली तर उलटं होतं. झाडावरच्या इग्वानाकडे रोखली की बॅरल मिटत १५० कडे येतं आणि भला थोरला नर पानांत हिरवा ठिपका होऊन बसतो. पारा ५ अंशांच्या आसपास उतरला की हे प्राणी फांदीवरच बधिर होतात, खालीही पडतात. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना तशी सूचनाच दिली होती. अशा वेळी हात गारठलेले आणि झूमची रिंग धरून ठेवायची, हा त्रास फार.

तरी लेन्स विकावी असं आता वाटत नाही, आणि हे मत सुनेमुळे बदललं. ब्रोकोलीच्या जुडीला येतो तो जाड रबर बँड तिने झूम रिंग आणि बॅरल यांच्या सांध्यावर चढवला. घसरणं थांबलं. त्याच आठवड्यात मला हवा होता तो फोटो मिळाला: इग्वाना नाकातून जास्तीचं मीठ शिंकरतो तो क्षण, मागून ऊन, थेंब हवेत, आणि शेपटीचं टोकही चौकटीत. काच उत्तमच आहे. जवळचा फोकस पावणेतीन मीटरपासून सुरू होतो, आणि उद्यानातले धीट इग्वाना त्याहून जवळ येऊ देतात. तिथे मी फोन वापरला, तक्रार नाही.

नाशिकला आल्यावर भद्रकालीतून सायकलची जुनी ट्यूब आणून तिचा तीन बोटं रुंद पट्टा कापला. जवळजवळ फुकट. रामशेजच्या पायथ्याशी घोरपडीचे फोटो आता त्यानेच काढते. आपली घोरपड इग्वानासारखी थांबत नाही, लांबूनच कपारीत शिरते, म्हणून इथे ६०० ची खरी गरज. एक कळकळीची विनंती: घोरपडीच्या फोटोतलं लोकेशन काढून टाकल्याशिवाय तो कुठेही टाकू नका. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये असूनही हत्ताजोडी, म्हणजे तोडग्यासाठी ठेवतात ती मुळी, या नावाखाली तिचे अवयव विकले जातात आणि त्यासाठी तिला मारतात. तिकडे जागा सांगणं उपयोगाचं, इथे ती सांगणं म्हणजे शिकाऱ्याला वाट दाखवणं.

घेणाऱ्यांनी दुकानातच लेन्स ४०० वर ठेवून तोंड जमिनीकडे करून बघावी. घसरली तर दुसरा नग मागा, कारण नंतर कोणी दाद देत नाही. ट्यूबचा पट्टा फार आवळू नका, झूम फिरवताना जोर पडतो. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसोबत डब्यात ठेवण्याआधी तो काढून ठेवा, नाहीतर रबराचा काळा चिकटा बॅरलवर बसतो. स्पिरिटच्या बोळ्याने निघतो, पण वेळ लागतो.