शहरातली बीएस-६ डिझेल आणि डीपीएफ: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी बीएस-६ म्हणजे भारत स्टेज ६ या प्रदूषण नियमांची डिझेल, वापर बहुतेक पुणे शहरातला, रोज आठ-नऊ किलोमीटरच्या दोन फेऱ्या, महिन्यातून एकदा-दोनदा सातारा. सीट, टचस्क्रीन, मायलेज यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. हा अनुभव फक्त डीपीएफचा, कारण शहरात डिझेल घेणाऱ्याचा खरा पेपर तिथेच असतो आणि शोरूममध्ये त्यावर चकार शब्द निघत नाही.

डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर) म्हणजे एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळीत बसवलेली सिरॅमिकची गाळणी. आत बारीक बोगदे. एकाचं तोंड इकडून बुजवलेलं, शेजारच्याचं तिकडून. त्यामुळे धूर भिंतीतून झिरपतो आणि काजळी मागे राहते. ही काजळी जाळणं म्हणजे रीजनरेशन, थोडक्यात रीजन. हायवेवर एक्झॉस्ट चांगला तापलेला असला की थोडी काजळी आपोआप जळत राहते. सिग्नलला थांबत जाणाऱ्या गाडीत तेवढी उष्णता तयारच होत नाही. मग काजळी ठराविक मर्यादेला पोचली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, स्वतः रीजन लावतो. इंधन जळून गेल्यावर इंजेक्टर उशिराने थोडं जादा डिझेल सोडतो, ते पुढच्या कॅटलिस्टवर जळतं आणि फिल्टरमध्ये साधारण ६०० अंश तापमान होतं. काम १५ ते २५ मिनिटांचं.

अडचण अशी की बऱ्याच गाड्यांत हे चालू असताना मीटरवर कुठलाही दिवा लागत नाही. ओळखायचं लक्षणांवरून. एरवी ८००च्या आसपास स्थिर असणारा आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा न्यूट्रलमध्ये हजाराकडे सरकतो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, क्षणाचं मायलेज एकदम पडतं, इंजिनाचा आवाज जरा जड होतो. गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा फॅन जोरात फिरत राहिला आणि तापलेल्या लोखंडासारखा वास आला, तर रीजन अर्धवट तुटलं असं समजा. एखाद्या वेळी तुटलं म्हणून काही बिघडत नाही, पुढच्या फेरीत ईसीयू पुन्हा प्रयत्न करतो. रोज तुटणं मात्र महाग पडतं.

महाग का, ते डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी पाहायची पट्टी, दाखवते. उशिरा सोडलेलं डिझेल सगळंच एक्झॉस्टमध्ये जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. रीजन जितक्या वेळा अर्ध्यावर सुटेल तितक्या वेळा ते नव्याने सुरू होणार आणि तितकं डिझेल खाली जाणार. म्हणून दर पंधरा दिवसांनी, सकाळी गार इंजिनावर, सपाट जागी डिपस्टिक पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. ऑइल कमी होण्याऐवजी वाढत असेल, बोटांत पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर पुरे होण्याची वाट न पाहता ऑइल बदला. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर गाडी दामटू नका. पातळ ऑइलचा पहिला फटका टर्बो आणि बेअरिंगला बसतो.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, वीस-पंचवीस मिनिटं न थांबता ६०-८०च्या वेगाने चालवा, एक गिअर खाली ठेवून, काटा २००० ते २५००च्या दरम्यान. पुण्यातून साताऱ्याच्या किंवा सोलापूरच्या रस्त्याला सकाळी लवकर गेलात तर हे सहज जमतं. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये रेस देऊन हे साधत नाही. टाकीत डिझेल रिझर्व्हला आलं असेल तर अनेक गाड्या रीजन लावतच नाहीत. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका. आणि रीजन चालू असताना वाळक्या गवतावर किंवा पाल्यावर गाडी उभी करू नका, आग लागू शकते.

ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) आणि तुमच्या गाडीला चालणारं ॲप घेतलंत तर काजळीचं प्रमाण आणि फिल्टरआधीचं तापमान दिसतं. या चौदा महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच.

डीपीएफचा पिवळा दिवा स्थिर लागला तर वरच्यासारखी फेरी मारा. तो लुकलुकायला लागला, सोबत चेक इंजिन आलं किंवा गाडीची ताकद एकदम गेली, तर हायवेचा नाद सोडून सर्व्हिस सेंटरला जा. तिथे स्कॅनर लावून फोर्स्ड रीजन करतात, म्हणजे रीजन मुद्दाम सुरू करतात. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. दोन रीजनमधलं अंतर झपाट्याने कमी होत असेल तर मूळ दुखणं बहुधा दुसरीकडे असतं: गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात वळवणारी झडप), टर्बोच्या फाटलेल्या होजमधून निसटणारी हवा. कूलंटचा प्रवाह सांभाळणारा थर्मोस्टॅट उघडा राहिला तर इंजिन तापतच नाही आणि रीजन सुरूच होत नाही. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक मोजणाऱ्या डिफरन्शियल प्रेशर सेन्सरच्या दोन बारीक नळ्याही बघायला सांगा. एक चिरली तरी ईसीयूला काजळीचा अंदाज चुकीचा मिळतो. हे न तपासता थेट नवा डीपीएफ सुचवला गेला तर सही करू नका.

ऑइलमध्ये काटकसर नको. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचंच ऑइल, बहुतेक ठिकाणी एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) या मानकाचं सी२ किंवा सी३. काजळी जळते, पण ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही. ती साठतच जाते आणि शेवटी फिल्टर उतरवून खास मशीनवर साफ करावा लागतो. गॅरेजमधल्या प्रेशर वॉशरने तो धुवू देऊ नका, आतली जाळी फुटू शकते. डीपीएफ पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून देणारे गल्लोगल्ली भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल बेकायदा आहे, वॉरंटी जाते ती वेगळीच, आणि ती बारीक काजळी मागच्या दुचाकीवर बसलेल्या पोराच्या छातीत जाते.